जावयाने वाढवलेला वेग

आमच्या घरात तोंडावर बोलायचं खातं पहिल्यापासून माझ्याकडे. मी हॉस्पिटलात सिस्टर होते, निवृत्त होईपर्यंत वॉर्ड सांभाळला. "इंजेक्शन दुखणार आहे, ओरडायचं असेल तर आत्ताच ओरडून घ्या," असं पेशंटला सांगून मोकळी व्हायचे. मास्तर, म्हणजे आमचे हे, त्याच्या अगदी उलटे. जन्मभर शाळेत गणित शिकवलं, पण उत्तर चुकलेल्या मुलालासुद्धा म्हणायचे, "जवळ पोचलास हो!" आता गणितात जवळ काय नि लांब काय? चुकलं ते चुकलं. पण कुणाचं मन दुखेल असा शब्द ह्या माणसाच्या तोंडून निघेल तर शपथ.

बरं, लेकीने नवरा शोधला तोही असाच. जणू बापाचीच दुसरी आवृत्ती. एका विमा कंपनीच्या ऑफिसातले कॉम्प्युटर सांभाळतो. कामात हुशार, स्वभावाने लोणी. सासरा-जावई सोफ्यावर शेजारी बसले की बघत राहावं. बशीत एकच बिस्किट उरलेलं असायचं. "घ्या ना जावईबापू." "नाही बाबा, तुम्ही घ्या." "छे छे, माझं कधीच झालं." हे इतका वेळ चालायचं की शेवटी मी येऊन ते बिस्किट तोंडात टाकायचे आणि दोघंही सुटल्यासारखे हसायचे. तेव्हा मला हे सगळं गोड वाटायचं. आता आठवलं की अंगाचा तिळपापड होतो.

मास्तरांना एकच नाद, मूळ संख्यांचा. एक आणि ती स्वतः सोडून जिला कशानेच भाग जात नाही ती मूळ संख्या, एवढं मलाही शाळेपासून ठाऊक आहे. पण ह्यांच्या संख्या कोट्यवधी आकड्यांच्या. लिहायला बसलं तर घरभर कागद पसरतील. अशी नवी संख्या शोधायला जगभरातले हौशी लोक एकत्र आलेत. इंटरनेटवरून प्रत्येकाला एक छोटा क्रमांक मिळतो, त्या क्रमांकावरून तयार होणारी संख्या आपापल्या कॉम्प्युटरने तपासायची. मशीन आठवडेच्या आठवडे राबतं आणि शेवटी एका शब्दात सांगतं, हो किंवा नाही. जवळजवळ नेहमीच 'नाही'. मग पुढचा क्रमांक. मास्तरांना निवृत्त झाल्यापासून 'नाही' शिवाय दुसरं उत्तर मिळालेलं नव्हतं, तरी प्रत्येक नवा क्रमांक आला की गडी खूश. तो पाठ करायचे, अंघोळ करताना पुटपुटायचे. इतके, की मलासुद्धा पाठ व्हायचा.

एकदा मी चिडून विचारलं, "एवढं करून मिळणार काय? बक्षीस आहे का काही?"

तर म्हणाले, "आयुष्यभर दुसऱ्यांनी शोधलेलं शिकवलं गं. एक तरी गोष्ट अशी असावी, की काही मिनिटं का होईना, अख्ख्या जगात ती फक्त मला ठाऊक आहे. तेवढं झालं की बास."

एवढीच मागणी. दागिना नाही, प्रवास नाही. हात थरथरायला लागले होते त्यांचे तेव्हापासूनच, आणि कॉम्प्युटरही त्यांच्यासारखाच जुना झालेला. एकेका क्रमांकाला जास्तच वेळ खायचा. त्यांना आतून वाटत असणार की आपल्या वाट्याचे क्रमांक आता फार उरले नाहीत. बोलून दाखवायचे नाहीत, ते वेगळं.

जावयाच्या ते लक्षात आलं. गुणाचाच आहे तो, मी काही त्याला वाईट म्हणत नाही. एका रविवारी खोकं घेऊन हजर झाला. खोक्यात भलामोठा पंखा आणि मलमाची एक नळी. "बाबा, आज तुमच्या मशीनचा वेग वाढवून देतो," म्हणाला. "ओव्हरक्लॉकिंग म्हणतात त्याला. कंपनीने प्रोसेसरला जो वेग ठरवून दिलेला असतो, त्याच्यापेक्षा जोरात पळवायचा."

"आणि मेला दमून तर?" मी विचारलं.

"नीट केलं तर नाही मरत, आई." मग त्याने मला समजावून सांगितलं, तेही छान, आमच्या डॉक्टरांना कधी जमलं नाही इतकं छान. एकदम उडी मारायची नाही. वेग पायरी-पायरीने वाढवायचा. प्रत्येक पायरीवर प्रोसेसरला मुद्दाम अवघड हिशेब देऊन राबवायचं आणि त्याचं तापमान बघत बसायचं. लागलंच तर व्होल्टेज किंचित वाढवायचं, पण बेताने, नाहीतर त्याचं आयुष्य कमी होतं. असं करता करता एक पायरी अशी येते की मशीन बंद पडतं. "तिथून एक पायरी खाली टिकतो, पण तिथे राहायचं नाही. अजून एक पायरी खाली यायचं. तापलेल्या दिवसांसाठी थोडं हातचं राखून ठेवायचं." मग आवाज खाली आणून म्हणाला, "बंद पडला तर परवडलं, आई. कळतं तरी. बंद न पडता गुपचूप चुकीचा हिशेब करत बसला, तर ते खरं वाईट."

मला पटलं. ताप बघत बघत औषध वाढवायचं, ही माझ्या ओळखीचीच गोष्ट होती.

थंडीचे दिवस होते. बाहेरच्या खोलीत टेबलावर कॉम्प्युटर उघडा करून ठेवला, बाजूचा पत्रा काढून. जुना पंखा काढला, प्रोसेसर पुसला, उष्णता पंख्याकडे जावी म्हणून मलमाचा ठिपका लावला, त्यावर नवा पंखा घट्ट बसवला. मग सुरू झालं ह्यांचं पायऱ्या चढणं. मास्तर खुर्ची ओढून शेजारी बसलेले. एकेक पायरी टिकली की टाळी वाजवायचे. टाळी! नातवंडांच्या बारशाला वाजवली नव्हती. "अजून जातं का हो, जावईबापू?" "बघू या, बाबा." अजून जायचं. लेक आणि मी दारात उभ्या राहून हसत होतो.

संध्याकाळ व्हायला आली तेव्हा पडदा निळा झाला आणि मशीन मेलं. जावयाने शांतपणे एक पायरी खाली आणलं, पुन्हा राबवलं. टिकलं. मास्तर कागदावर हिशेब करून म्हणाले, "म्हणजे वर्षाला जवळजवळ दीडपट क्रमांक होतील!" त्यांचा चेहरा असा मी आमच्या लग्नातही पाहिला नव्हता.

"आता अजून एक पायरी उतरवतो, म्हणजे निर्धास्त," जावई म्हणाला.

"हो हो, तुम्हाला योग्य वाटेल तसं," मास्तर म्हणाले. पण चेहरा उतरला. नको नको म्हणत असताना पोराच्या हातातला पतंग काढून घ्यावा तसा. मी पाहिलं, जावयानेही पाहिलं. त्याचा हात कीबोर्डवरच थांबला.

"किंवा राहू दे असंच," तो म्हणाला. "टिकलाय तसा. रात्रभर चाचणी लावून ठेवू."

चाचणी पार पडली. सकाळी निघताना त्याने बजावलं, "बाबा, प्रोग्रॅमच्या खिडकीत लाल अक्षरात काही दिसलं तर लगेच मला फोन करा. दहा मिनिटांचं काम आहे, येऊन पायरी उतरवून जातो." मास्तरांनी मान डोलावली. त्या मानेवर विश्वास ठेवायला नको होता.

कॉम्प्युटर मग त्याच्या नेहमीच्या जागी गेला, मागच्या छोट्या खोलीत. तिथली खिडकी पश्चिमेला. थंडीत ऊन यायचं ते हवंसं वाटायचं. पुढे उन्हाळा आला आणि दुपारी त्या खोलीत पाय ठेववेना.

एका दुपारी मी चहा द्यायला गेले तर पडद्यावर लाल ओळ. मी चष्मा लावून वाचली. 'हिशेबात चूक आढळली, मागच्या टप्प्यापासून पुन्हा सुरुवात.' खाली तशीच अजून एक.

"अहो, हे लाल काय? फोन करा जावयाला."

"काही नाही गं. चूक सापडली की तो आपणच मागे जाऊन पुन्हा करतो."

"आणि न सापडलेली?"

मास्तर चष्मा पुसायला लागले. मी फोन उचलला, तर त्यांनी हळूच माझ्या हातातून काढून घेतला. "एवढ्या हौसेने करून दिलंय त्यांनी. खर्च केला, सुट्टीचा दिवस घालवला. लगेच तक्रार कशी करायची? त्यांना काय वाटेल?"

"त्याला काय वाटायचंय? त्यानेच सांगितलंय फोन करा म्हणून!"

"ते तसं म्हणायचं असतं. तू यात पडू नकोस. हे आमचं दोघांचं आहे."

कप्पाळ दोघांचं! वॉर्डात एखाद्या पेशंटने ताप लपवला असता, तर मी त्याला फाडून खाल्लं असतं. पण हा माणूस माझ्याकडे कधी काही मागत नाही, आणि मागून मागितलं काय, तर गप्प बसणं. बसले. मास्तर टेबलफॅन कॉम्प्युटरपाशी ठेवायला लागले, स्वतः घामाने निथळत. लाल ओळी कधी यायच्या, कधी नाही. त्या क्रमांकाचं उत्तर एका दुपारी आलं. 'नाही.' मास्तरांनी "चला," म्हटलं आणि पुढचा क्रमांक पाठ करायला घेतला.

जवळजवळ वर्ष उलटून गेलं. एका सकाळी मी भाजी घेऊन आले, तर मास्तर मागच्या खोलीत बसलेले. पडद्यावर त्या हौशी मंडळींचं पान उघडं. नवी मूळ संख्या सापडल्याची बातमी होती. मला वाटलं, दुसऱ्या कुणाला सापडली म्हणून हिरमुसलेत. म्हणाले, "क्रमांक वाच."

मी वाचायला लागले आणि अर्ध्यावर थांबले. पुढचे आकडे मला न वाचताच येत होते. मागच्या उन्हाळ्यात बाथरूममधून रोज ऐकलेले.

"हा तर आपला," मी म्हणाले.

"आपला होता," मास्तर म्हणाले.

मग त्यांनी सांगितलं. एकाने 'नाही' म्हटलेला प्रत्येक क्रमांक नंतर कधीतरी दुसऱ्याकडे तपासायला जातो. हा गेला दूरच्या कुठल्या देशात, एका अनोळखी माणसाकडे. त्याच्या मशीनने 'हो' म्हटलं. मग आणखी दोघांनी खात्री केली. नाव त्याचं लागलं. आमच्या मशीनने उन्हाळ्यात कुठेतरी एक चूक अशी केली होती, की जी त्याची त्यालाही सापडली नाही. एवढ्या आठवड्यांच्या हिशेबात एक चूक, आणि शेवटी 'हो'चं 'नाही'.

मी तिथेच पलंगावर बसले. पिशवीतले टोमॅटो जमिनीवर घरंगळले, ते उचलायचंही सुचेना. इतका राग आला होता, आणि धरावा कुणावर तेच कळेना. शेवटी धरला मास्तरांवर. "एक फोन! एक फोन केला असतात तर!"

"हो," ते म्हणाले. "पण जावईबापूंना ह्यातलं काही कळता कामा नये. माझी शपथ आहे तुला. त्यांनी प्रेमाने केलं. त्यांना आयुष्यभर खात राहील ते."

"आणि तुम्हाला काय खातंय ते?"

"मला सवय होईल," म्हणाले. रडले वगैरे नाहीत. नुसते त्या आकड्यांकडे बघत बसले, आणि मला ते रडण्यापेक्षा वाईट वाटलं.

रविवारी लेक-जावई आले. जावई चप्पल काढता काढताच, "बाबा, वाचलंत का? सापडली! म्हणजे अजून आहेत तिथे. पुढची आपली बघा!" आणि मास्तर, हसत, "हो ना, फार छान झालं. त्या माणसाचं कौतुक करायला हवं." मी स्वयंपाकघरात गेले आणि भांडी अशी आपटली की लेक धावत आली. "आई, काय झालं?" "काही नाही. भांडी घासतेय."

चहा झाल्यावर मास्तर घसा खाकरत म्हणाले, "जावईबापू, एक विनंती होती. वेग जरा पहिल्यासारखा करून द्याल का? हिला त्या पंख्याचा आवाज सहन होत नाही."

मला! ज्या बाईने जन्मभर वॉर्डातला आरडाओरडा ऐकला, तिला पंख्याचा आवाज सहन होत नाही! मी तोंड उघडलं, मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं, मी मिटलं. जावयाचा चेहरा पडला, पण तोही "हो बाबा, लगेच," म्हणून उठला. आपण दिलेली भेट परत करताहेत असं त्याला वाटलं असणार. दोघं मागच्या खोलीत गेले. मी पाठोपाठ गेले.

वेग बदलायच्या आधी त्याने चालू प्रोग्रॅम थांबवायला घेतला. थांबवता थांबवता त्याची बोटं थबकली, आणि तो मागच्या ओळी वर वर सरकवायला लागला. लाल. पुन्हा लाल. उन्हाळ्यापर्यंत गेला. तिथला क्रमांक वाचला. खिशातून फोन काढला, बातमीतला क्रमांक वाचला. पुन्हा पडद्यावरचा वाचला.

"बाबा," तो म्हणाला. "फोन का नाही केलात?"

"अहो, विशेष काही नव्हतं. माझंच चुकलं. मी लक्षच दिलं नाही."

"नाही बाबा, माझं चुकलं. अजून एक पायरी खाली यायला हवं होतं. मला माहीत होतं ते. तुम्ही इतके खूश होतात, मला नाही म्हणवलं नाही."

"छे छे, तुम्ही तर विचारलं होतंत. मीच चेहरा पाडला. तुमचा काही दोष नाही यात."

"नाही, दोष माझाच आहे, बाबा."

"मुळीच नाही, जावईबापू, माझा."

आणि मला समोर दिसायला लागली ती बिस्किटाची बशी. तेच ते. तुम्ही घ्या, नाही तुम्ही घ्या. माझ्या डोक्यात तिडीक गेली.

"पुरे!" मी ओरडले. लेक दारात येऊन उभी राहिली. "पुरे करा ते तुमचं! ह्याच्यानेच घालवलंत सगळं. एकाला नाही म्हणता आलं नाही, दुसऱ्याला बिघडलंय म्हणता आलं नाही. आणि अजून तेच चाललंय? अहो मास्तर, तुम्हाला राग आलाय. चार दिवस झाले, घास उतरत नाहीये तुमच्या घशाखाली. ह्याला सांगा ते. तोंडावर सांगा. मला शपथ घातलीत ना? मोडली मी."

जावई खाली मान घालून उभा. त्याने मान वर केली आणि म्हणाला, "सांगा ना, बाबा. ऐकायचंय मला."

मास्तरांनी टेबलाची कड धरली. मला वाटलं, आताही हे "काही नाही हो"च म्हणणार.

"मला राग आलाय," ते म्हणाले. शब्द जड जड येत होते, परकी भाषा बोलावी तसे. "तुमचा आलाय. तुम्हाला माहीत होतं आणि तुम्ही मला थांबवलं नाहीत. मी म्हातारा माणूस, मला हाव सुटली होती. तुम्ही जाणकार होतात. मला नाही म्हणायला हवं होतंत." मग त्या खुर्चीकडे बघत म्हणाले, "आणि माझा मला त्याहून जास्त आलाय. त्या दुपारी मी इथेच बसलो होतो. ह्याच खुर्चीत. ती संख्या माझ्यासमोर होती, जगात दुसऱ्या कुणालाच ठाऊक नव्हती. ह्या मशीनने नाही म्हटलं, आणि मी मान्य केलं, आणि हिच्याकडे चहा मागितला."

ते रडायला लागले. इतक्या वर्षांच्या संसारात मी त्यांना मोठ्याने रडताना पहिल्यांदा ऐकलं. जावई खाली बसला, त्यांच्या पायांशी, आणि त्याने माफी मागितली नाही, समजूत काढली नाही, नुसता "हो बाबा, हो," म्हणत राहिला. मास्तर बोलत राहिले. नंतर किती वेळ तरी बोलत होते. जावयानेही सांगितलं, की दुसऱ्या दिवशी घरी गेल्यावर रात्री त्याला झोप लागली नव्हती, ती एक पायरी डोक्यात घोळत होती, आणि सकाळी फोन करून सांगावं असं त्याने ठरवलं होतं, आणि मग बाबांना वाईट वाटेल म्हणून केला नाही.

म्हणजे फोन दोघांच्याही हातात होता.

लेक आणि मी दारात उभ्या होतो. पहिल्यांदाच ती दोन माणसं एकमेकांशी खरं बोलत होती, आणि मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. मी मनात म्हणत होते, हेच बोलणं त्या थंडीतल्या रविवारी दोन मिनिटं बोलला असतात, तर आज ह्या खोलीत आपण पेढे वाटत असतो.